हौद्यापर्यंतचा उतार

"एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, मॅडम. मला कुणी उचलायचं न्हाई."

कल्लाप्पा मगदूम माझ्या गाडीच्या उघड्या दारात खुर्चीवर बसले होते. दोन्ही हात चाकांवर. गाडीला मागून खाली उतरणारी लोखंडी पाटी होती, ती मी नुकतीच जमिनीला टेकवली होती. त्यांच्या पँटचे दोन्ही पाय मांडीच्या मध्यावर दुमडून शिवलेले होते. वरचं अंग मात्र खुर्चीत मावत नव्हतं.

"काल फोनवर सांगितलंत तुम्ही," मी म्हटलं.

"परवाबी सांगितलंय त्येनी," मागून रत्नाक्का म्हणाल्या. त्या त्यांच्या पत्नी. "घरात तर रोज सांगत्यात. कोण उचलाय बसलंय ह्येनला, त्ये तरी सांगा."

कल्लाप्पांनी चाकं सोडली आणि पाटीवरून एकटे खाली आले. शेवटी थोडा धक्का बसला. त्यांनी मागे वळून पाटीकडे बघितलं आणि मान हलवली. पसंत पडली असावी.

ही बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी तेव्हा कोल्हापुरात एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत होते. आईच्या शेवटच्या काळात तिला चाकाच्या खुर्चीतून रंकाळ्यावर नेताना शहराकडे वेगळ्या तऱ्हेनं बघायची सवय मला लागली होती: कुठे पायरी आहे, कुठे उंबरा आहे, कुठला फुटपाथ मध्येच संपतो. आई गेली, सवय राहिली. मग सुट्ट्यांमध्ये मी खुर्चीवरून प्रवास करणाऱ्या पाहुण्यांना शहर दाखवू लागले. जागा आधी बघून यायची, मोजायची, लाकडी उतार घेऊन जायचे आणि माणसाला आत पोचवायचं. हे मला जमत होतं.

मगदूमांची नोंदणी त्यांच्या मुलीनं बेळगावहून केली होती. देऊळ, राजवाडा, रंकाळा, असं नेहमीचंच. मग मुलीच्या हातून फोन घेऊन कल्लाप्पा स्वतः बोलले होते. "त्ये सगळं ऱ्हाऊ दे. मला दगडी तालीम दाखवा. हौद्यात उतरायचंय."

ते तरुणपणी त्या तालमीत राहून कुस्ती खेळलेले होते. पुढे गावी शेती केली. आमच्या त्या भेटीच्या वीस वर्षं आधी उसाची ट्रॉली उलटली आणि दोन्ही पाय गेले. तेव्हापासून त्यांना लोकांनी एसटीत उचलून ठेवलं, मतदानाला उचलून नेलं, जावयाच्या घरी जिन्यानं उचलून चढवलं. हे मला रत्नाक्कांनी सांगितलं. "वाडीला घाटावर चौघांनी पालखीवानी उचललं, आणि एकानं फोटो काढला. तवापासनं देवालाबी जायचं बंद केलंय."

तालमीचे वस्ताद होते हुसेनभाई. कल्लाप्पांचे ते जोडीदार. दोघं एका वयाचे, एका वजनाचे, रोज एकमेकांशी लढत करणारे. अपघातानंतर हुसेनभाई मिरजेच्या दवाखान्यात भेटायला गेले, तेव्हा कल्लाप्पांनी भिंतीकडे तोंड केलं आणि ते जाईपर्यंत वळवलं नाही. त्यानंतर भेट नाही.

"त्येला माझं नाव सांगू नका," त्यांनी मला बजावलं होतं. "नाव कळलं तर त्यो न्यायला ईल. मला माझा मी जायचंय."

म्हणून आठवडाभर आधी मी तालीम बघायला गेले, तेव्हा हुसेन वस्तादांना एवढंच सांगितलं की एक पाहुणे आहेत, पाय नाहीत, पूर्वी इथे होते. वस्ताद दारात उभे राहून बोलले. मीही दाराबाहेरच उभी होते. तालमीत बायका जात नाहीत. त्यांनी तसं म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. बाहेरच्या पायऱ्या मी मोजल्या. आतलं मला अंधारात नीट दिसत नव्हतं: उंबऱ्याच्या आत थोडी जागा, आणि मग खाली हौदा, म्हणजे कुस्तीच्या मातीचा चौकोनी खड्डा.

"हौदा किती खोल आहे?" मी विचारलं आणि पर्समधून टेप काढून पुढे केली.

"टेप कशाला? हात हाय की." ते आत गेले, वाकले, परत आले. "चार वीत."

मी गणित केलं आणि त्या मानानं आतल्या उतारासाठी फळी कापून घेतली.

तर त्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला आम्ही तालमीसमोर पोचलो. सकाळची मेहनत संपलेली, संध्याकाळची सुरू व्हायची होती. आत दोन पैलवान होते, पंचविशीतले. मी हाक मारल्यावर ते बाहेर आले, आणि त्यांनी गाडीतून माझ्या दोन्ही फळ्या उचलल्या, जणू पुठ्ठ्याच्या आहेत.

"ही कुठनं आणली घसरगुंडी?" त्यातल्या एकानं विचारलं. त्याचं नाव संग्राम.

"मॅडमनी केलीया," रत्नाक्का म्हणाल्या. "शाळा शिकवत्यात. पोरास्नी घसरवून दमल्या, आता म्हाताऱ्यास्नी घ्याय लागल्यात."

बाहेरच्या पायऱ्यांवर मोठी फळी बरोबर बसली. कल्लाप्पांनी ती दोनदा हातानं दाबून बघितली. मग चाकांना जोर देत ते चढले. मध्ये एकदा थांबले. संग्राम पुढे झाला, तसा त्यांनी त्याच्याकडे न बघताच एक बोट वर केलं. संग्राम मागे सरला. ते उंबऱ्याशी पोचले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

दारातून तेलाचा, ताकाचा, हळदीचा आणि ओल्या मातीचा मिळून एक वास येत होता.

"लगीन झाल्यावर दोन वर्सं ह्येंच्या अंगाला ह्योच वास यायचा," रत्नाक्का माझ्या कानाशी म्हणाल्या. "किती साबण लावा, जाईत न्हवता. मग जायला लागला, तवा मला चुकल्यागत वाटाय लागलं."

आतून हुसेन वस्ताद आले. पांढरी लुंगी, बनियन, गुडघे जपत टाकलेली पावलं. उजेडाकडे तोंड असल्यामुळे त्यांना खुर्चीतला माणूस लगेच दिसला नसावा. ते दोन पावलं पुढे आले, थांबले.

"कल्ल्या," ते म्हणाले. "मिरजेत तोंड फिरवलंस, त्ये आता सरळ केलंस व्हय?"

"मान आखडली हुती," कल्लाप्पा म्हणाले.

"वीस वर्सं?"

"तुझ्याच हाताचा गुण. लई रगडलीयास तू ती."

वस्ताद हसले नाहीत. त्यांनी रत्नाक्कांना नमस्कार केला, मला केला, आणि मग खुर्चीच्या चाकांकडे बघत राहिले.

"रस्त्यावरनं आलीयात चाकं," ते हळू म्हणाले. "आत मारुती हाय. पायताण आपण भाईरच काढतो."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मला वाटलं, इथेच संपलं. पण कल्लाप्पांना यात काही वावगं वाटलं नाही. "मग धू की," ते म्हणाले. संग्रामनं बादली आणली. दोन्ही चाकं, पुढची लहान चाकंसुद्धा, घासून धुतली गेली, फडक्यानं कोरडी केली गेली. कल्लाप्पा वर बसून बघत होते, कुणी आपले पाय धुतंय तसे अवघडून.

मग दुसरी फळी आत गेली, आणि ती धरायला वस्ताद हौद्यात उतरले. ती लावण्याच्या आवाजावरूनच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मी दारातून डोकावले. डोळे अंधाराला सरावल्यावर दिसलं: फळी पोचली होती, पण मी ठरवल्यापेक्षा फारच तिरकी. हौदा मी धरला त्याहून चांगलाच खोल होता.

"वस्ताद, तुम्ही चार वीत म्हणाला होता."

"चारच हाय." त्यांनी दाखवायला हात वर केला आणि बोटं फाकवली. त्या पंजात माझे दोन्ही तळहात शेजारी शेजारी मावले असते. मी वर्गात मुलांना एकक लिहिल्याशिवाय आकडा लिहू देत नसे.

"काय झालं?" कल्लाप्पांनी विचारलं.

मी त्यांना खरं ते सांगितलं. एवढ्या उतारावरून खुर्ची सुटली तर थेट समोरच्या भिंतीवर जाईल. मागून धरली, तर खुर्ची थांबेल, पण माणूस पुढे निसटेल. उतारावर बसलेला माणूस पाय रोवून मागे रेलतो. त्यांना रोवायला पाय नव्हते.

"एक मार्ग आहे," मी म्हटलं. "खुर्ची उलटी न्यायची. तुमची पाठ खाली, तोंड आमच्याकडे. खालून दोघं टेकू देतील. ते अगदी सुरक्षित आहे."

कल्लाप्पा, वस्ताद आणि संग्राम, तिघांनीही माझ्याकडे बघितलं. त्यांच्यात पुन्हा मीच एक बाहेरची झाले.

"मारुतीकडं पाठ करून हौद्यात?" कल्लाप्पा म्हणाले. रागावून नाही, समजावून सांगावं तसं. "आणि जोडीदार खाली हुबा असताना?"

"मग नाना, आम्ही दोघं हाय, वस्ताद हाईत," संग्राम म्हणाला. "अलगद घेतो. मिनिटाचं काम."

"न्हाई."

"अवं, आपलीच पोरं हाईत," रत्नाक्का म्हणाल्या. "कोण बघतंय हितं?"

"ही तालीम बघतीया." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मॅडम, तुमास्नी सांगतो. हौद्यात माणसाला उचलत्यात त्ये आपटायला. ह्या जागेत मला उचललेलं एकाच गड्यानं, आन् त्येलाबी घाम फुटायचा. आता पोतं उचलल्यागत उचलून मातीत ठेवलं, तर मी आलो असं हुईल का? मला ठेवलं असं हुईल."

मी मनात फळी किती लांब हवी होती त्याचं गणित करत होते. तेवढी लांब फळी दारातून आत वळलीच नसती. म्हणजे माप बरोबर मिळालं असतं तरी उत्तर निघालं नसतं. मी तसं म्हणणारच होते, की पुढच्या वेळी दुसरं काही करून आणते. पण ते पुढच्या वेळी येणार नाहीत हे मला कळत होतं. बेळगावहून इथवर यायला त्यांना वीस वर्षं लागली होती.

कल्लाप्पांनी सदऱ्याची बटणं काढायला सुरुवात केली. सदरा काढून त्यांनी तो रत्नाक्कांकडे दिला. मग खुर्चीचे ब्रेक लावले.

"काय करताय?" मी विचारलं.

"तुमची फळी चांगली हाय," ते म्हणाले. "खुर्चीच नको तिच्यावर. धुतली तरी शेवटी पायताणच की ती माझं."

दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर रोवून त्यांनी अंग उचललं आणि उंबऱ्यावर ठेवलं. उंबऱ्याला हात लावून तो हात कपाळाला लावला. मग आतल्या जागेत, मग फळीच्या तोंडाशी. तिथे ते थांबले. तळहात फळीवर टेकले, बोटं पसरली, कोपर वाकवले, अंग पुढे टाकलं, तोललं, हात पुन्हा पुढे. घसरत नव्हते. प्रत्येक वेळी अंगाचा सगळा भार दंडांवर येत होता आणि दंड तो सांभाळून पुढे देत होते. पाय नसलेला माणूस तीव्र उतारावर कसा उतरेल हे मला कुणी कागदावर विचारलं असतं, तर मी काय उत्तर दिलं असतं कोण जाणे. हे दिलं नसतं.

हुसेन वस्ताद फळीच्या खालच्या टोकाशी उभे होते. ते हात पुढे करतील असं मला वाटलं. त्यांनी हात पाठीमागे बांधले होते.

कल्लाप्पा मातीत पोचले. त्यांनी मूठभर माती घेतली, कपाळाला लावली, छातीला, दोन्ही दंडांना. मारुतीकडे बघून हात जोडले. रत्नाक्का माझ्या शेजारी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. आम्हाला कल्लाप्पांची उघडी पाठ आणि पलीकडे वस्तादांचा चेहरा दिसत होता.

मला वाटलं, झालं. पोचले. माझ्या कामापुरतं ते झालंच होतं. आता थोडा वेळ बसतील, बोलतील, चहा येईल, मग वर यायचं कसं ते बघू.

"हुबा का?" कल्लाप्पा म्हणाले. "बस की."

"गुडघं गेल्यात गड्या."

"माझंबी गेल्यात."

संग्राम फस्सकन हसला आणि लगेच त्यानं तोंडावर हात घेतला. वस्ताद भिंतीचा आधार घेत हळूहळू खाली बसले, मांडी घातली. दोघं समोरासमोर. वस्तादांनी माती उचलली आणि कल्लाप्पांच्या हातांना लावली. कल्लाप्पांनी त्यांच्या हातांना लावली. कुस्ती लागण्यापूर्वीची ती सलामी, म्हणजे समोरच्याचा हात घामानं निसटू नये म्हणून आपणच त्याला माती लावायची.

"धर," कल्लाप्पा म्हणाले.

"काय धर? चहा सांगतो."

"चहा काय बेळगावात मिळत न्हाई?"

"अवं," रत्नाक्का दारातून म्हणाल्या, "वय काय, चाललंय काय. हुसेनभाई, तुमी तरी."

कुणीही त्यांच्याकडे बघितलं नाही. दोघांची मनगटं एकमेकांत अडकली होती.

बसून कुस्ती अशी काही नसते. पण ते जे करत होते त्याला दुसरं नाव नव्हतं. मान, मनगट, खांदा. एकानं रेटायचं, दुसऱ्यानं सोसून परतवायचं. कल्लाप्पांचे दंड जास्त भारी होते, वीस वर्षं त्यांनी सगळं अंग त्यांच्यावर चालवलं होतं. त्यांनी वस्तादांना एका बाजूला इतकं कलवलं, की त्यांचा एक हात मातीला टेकला. पण खाली पाय नसल्यामुळे कल्लाप्पांना बैठक नव्हती. बाजूनं थोडा जोर आला असता तर ते कलंडले असते. हे मला दिसत होतं. वस्तादांना तर दिसत असणारच. तरी ते समोरूनच रेटत राहिले. मग एका क्षणी त्यांच्या खांद्यातला जोर गेला आणि ते मागे झुकू लागले.

कल्लाप्पा थांबले. त्यांनी पकड सोडली नाही, पण रेटणं थांबवलं.

"हुसन्या."

"काय?"

"ढिला सोडलास."

"न्हाई."

"माझ्याबरं खोटी कुस्ती खेळतूस?" त्यांचा आवाज आता चढला होता. उचलायची गोष्ट निघाली तेव्हाही चढला नव्हता तो. "ह्या मातीत? त्यापरीस चौघांनी उचलून आणलं असतं त्ये बरं हुतं. खेळायचं तर खेळ, न्हाईतर मी जातो."

वस्ताद त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावरचं सौजन्य गेलं. दुसरा शब्द मला सापडत नाही. ते सरळ झाले. उजवा हात कल्लाप्पांच्या मानेमागे गेला, डावा काखेत, आणि त्यांनी बाजूनं वळण दिलं. कल्लाप्पांनी दंडाच्या जोरावर ते एकदा परतवलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा वस्तादांनी छातीचा सगळा भार टाकला, आणि कल्लाप्पा कलंडले, फिरले, आणि पाठीवर पडले. वस्तादांनी त्यांचे दोन्ही खांदे मातीला लावले आणि तसेच दाबून धरले.

रत्नाक्कांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. मी पायात चप्पल आहे, तालमीत बायका जात नाहीत, हे सगळं विसरून उंबऱ्यावर पाय टाकणार होते. हात कुठे मोडला, मानेला काही झालं, तर काय करायचं याचा विचार डोक्यात सुरू झाला होता.

खालून आवाज आला. आधी मला तो कण्हण्याचा वाटला. कल्लाप्पा हसत होते. डोळे मिटून, तोंडात माती, पोट हलतंय, असे हसत होते. वस्तादांनी त्यांच्या खांद्यांवरचे हात काढले आणि ते शेजारीच मातीत आडवे झाले. त्यांना धाप लागली होती. मग तेही हसायला लागले. संग्राम आणि त्याचा जोडीदार कोपऱ्यात ताठ उभे होते, मोठ्या मैदानात उभे राहावं तसे.

"तुझा डाव अजून तसाच चुकतोय," कल्लाप्पा म्हणाले.

"तरी पडलास."

"पडलो की."

"न्हाई म्हणू नगंस मागनं."

"न्हाई म्हणत न्हाई. चितपट."

रत्नाक्कांनी माझं मनगट सोडलं. त्या पदरानं डोळे पुसत होत्या, आणि पुटपुटत होत्या, "हौस फिटली का? फिटली का आता?" पण इतकं हळू, की ते मला सांगत होत्या की स्वतःला, कळलं नाही.

त्या दिवसापासून मी पाहुण्यांना एक प्रश्न जास्त विचारते. कुठे जायचंय एवढंच पूर्वी विचारत असे. आता तिथे जाऊन काय करायचंय तेही विचारते. पुष्कळ जण गोंधळतात. काही जण मात्र असं काही सांगतात, की जागा मोजायची माझी रीतच बदलावी लागते.

वस्ताद उठून बसले आणि त्यांनी हात पुढे केला. कुस्ती जिंकलेल्यानं हरलेल्याला हात द्यायचा असतो. कल्लाप्पांनी तो धरला आणि बसते झाले. अंगभर लाल माती होती. त्यांनी फळीकडे बघितलं. वर चढायला ती उतरण्याहून कितीतरी अवघड होती. मी पुन्हा मनात गणित मांडायला लागले: दोर बांधता येईल का, खाली विटा घालून उतार दोन टप्प्यांत करता येईल का.

"संग्राम," कल्लाप्पांनी हाक मारली.

"जी नाना."

"यं हिकडं. तुझ्या जोडीदारालाबी बोलीव." त्यांनी दोन्ही हात बाजूला पसरले, पोरांना खांदे घालता यावेत असे. "माझा मी आलो, खेळून हारलो. आता उचला."